व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर आणि तमाशाचा शब्द

संगीतावर लिहिणारे आमचे समीक्षक गवयाचा गळा तपासतात, तालीम तपासतात, घराणे तर सात पिढ्यांपर्यंत शोधून काढतात. साथीला बसलेल्या पेटीवाल्यालाही एखादे वाक्य मिळते. पण ज्या यंत्रातून ते गाणे आपल्या घरात येते त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. परकी कादंबरी मराठीतून वाचावी, तिच्या शैलीवर दोन पाने लिहावीत आणि भाषांतरकाराचे नावही घेऊ नये, तसा हा प्रकार आहे. ॲम्प्लिफायर हा भाषांतरकारच होय. काही भाषांतरे मुळाला धरून असतात, काही मुळाहून गोड असतात आणि काहींत मूळ शोधावे लागते.

हा विषय मनात घोळू लागला तो एका नव्या हौसेमुळे. नारायणगाव, मंचर, घोडेगाव ह्या आमच्या बाजूला गाणे ऐकण्याचे वेड जुनेच; परंतु अलीकडे माझ्या ओळखीच्या चारपाच घरांत दोन जातींचे ॲम्प्लिफायर एकत्र जोडण्याची टूम निघाली आहे. एक काचेच्या व्हॉल्व्हचा, आजोबांच्या रेडिओत तांबूस पेटत असे त्याचा. दुसरा ट्रान्झिस्टरचा, ज्यात पेटताना दिसण्यासारखे काहीच नाही. मंडळींचे म्हणणे असे की व्हॉल्व्हचा गोडवा आणि ट्रान्झिस्टरचा जोर हे दोन्ही गुण अशाने एका घरात नांदतात. ते इतक्या खात्रीने सांगतात की सोयरीक जमल्याचे पेढे वाटायचे तेवढे राहिले आहेत. ही सोयरीक खरोखरच जमते काय, आणि जमत असेल तर कोणी कोणत्या कामाला हात लावायचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

कसोटीला मी ख्याल घेतला नाही, तमाशा घेतला. त्याला कारण आहे. ज्याला तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव आमच्या जुन्नर तालुक्यातले. गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या येथे लागतात आणि गावोगावची यात्रेची माणसे येऊन सुपारी देऊन जातात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला; विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) त्याच घरातल्या. ह्या कलेचा जन्म उघड्या माळावर झाला. कानावर तळहात ठेवून, चढ्या पट्टीत, शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यापर्यंत शब्द पोचवायचा हे तिचे मूळ शिक्षण. ख्यालात एखादे अक्षर विरले तरी राग उभा राहतो. सवाल-जवाबात अक्षर विरले की डाव बुडाला. बतावणीत शब्द हुकला की हशा गेला. शिवाय ढोलकीची थाप, तुणतुण्याची एकतारी झणझण, कड्याची किणकिण आणि मागे झीलकऱ्यांचा लांबवलेला सूर, हे सगळे एकाच वेळी चाललेले असते. ह्या गर्दीतून शब्द सुखरूप बाहेर काढणारे यंत्र चांगले. न काढणारे वाईट. ह्याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

आता थोडे यंत्राविषयी. विज्ञान मला मॅट्रिकपुरतेच; पण दारे धरणाऱ्याला पाण्याचे शास्त्र शिकवावे लागत नाही, तसे हे आहे. पाटाच्या तोंडाशी एक माणूस खोरे घेऊन उभा असतो. खोऱ्याचा हात जरासा हलला की शेतात जाणारे पाणी कमीजास्त होते. हात लहान, पाणी मोठे. व्हॉल्व्हमध्ये हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत तापलेल्या धातूतून विद्युत्कण सुटतात आणि मधली तारेची जाळी त्यांना दारे धरते. ही जाळी ली द फॉरेस्ट ह्या अमेरिकन गृहस्थाने १९०६ साली बसवली. ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मला. काम तेच, परंतु नळी नाही, तापवणे नाही, सगळा व्यवहार एका स्फटिकाच्या कणात. आधी तो जर्मेनियमचा असे, पुढे सिलिकॉनचा झाला. आणि सिलिकॉन म्हणजे अखेर वाळूतले द्रव्य.

दोघांच्या पाण्यात मात्र फरक आहे. व्हॉल्व्हचे पाणी उंचावरून पडणारी बारीक धार: दाब अडीचशे-तीनशे व्होल्टचा, प्रवाह अगदी थोडा. ट्रान्झिस्टरचे पाणी सपाटीवरचा रुंद पाट: दाब थोडा, प्रवाह मोठा. आणि स्पीकर हा प्राणी रुंद पाटाचा. म्हणून व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेवटी एक वजनदार ट्रान्सफॉर्मर बसवून बारीक धारेचा रुंद पाट करून घ्यावा लागतो. व्हॉल्व्हच्या यंत्राचे वजन, त्याची किंमत आणि त्याचे निम्मे गुणदोष ह्या लोखंडाच्या गाठोड्यात असतात. लोक काचेकडे बघत बसतात.

रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून निघणारा संकेत साधारण पाच मिलिव्होल्टचा असतो. आठ ओहमच्या स्पीकरला पंधरा वॅट द्यायचे तर सुमारे अकरा व्होल्ट लागतात. म्हणजे मूळ आवाज दोन हजारपट वाढवायचा. हे काम एका दमात होत नाही, टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्याला नाजूक हात लागतो, शेवटच्याला खांदे. दोन जातींची सोयरीक करायची तर खरा प्रश्न हा, की नाजूक काम कोणाला द्यायचे आणि ओझे कोणाच्या खांद्यावर.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर आमच्या तालुक्यातच उभे आहे, आणि गंमत अशी की ते घरोघरच्या हौशी मंडळींच्या अगदी उलट आहे. नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले; विक्रम साराभाईंचे नाव त्याला मिळाले. सुमारे तीस मीटर व्यासाची तिथली थाळी पाहायला आमच्याकडच्या शाळांच्या सहली जात. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत आवाज फेकायचा म्हणजे शेवटच्या टप्प्याला प्रचंड जोर हवा. त्या काळी जगभरच्या अशा केंद्रांतून हे काम व्हॉल्व्हच्याच कुळातल्या मोठ्या नळ्या करीत. उलट उपग्रहाकडून उतरणारा क्षीण संकेत झेलायला स्फटिकाचे ॲम्प्लिफायर असत आणि त्यांचा स्वतःचा गोंगाट कमी व्हावा म्हणून त्यांना कडाक्याच्या थंडीत ठेवीत. म्हणजे नाजूक काम स्फटिकाकडे, ओझे नळीकडे.

आर्वीपासून जवळच खोडद. तिथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) ह्यांच्या कल्पनेतून महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. दूरच्या दीर्घिकांचा जो रेडिओसंकेत येथे पोचतो त्याच्यापुढे आपल्या रेकॉर्डची सुई म्हणजे नगारा. तिथला नियम अभियंते एका वाक्यात सांगतात: पहिल्या टप्प्यात जो गोंगाट शिरला तो पुढचे सगळे टप्पे इमानेइतबारे वाढवीत नेतात, म्हणून सगळा जीव पहिल्या टप्प्याला लावायचा. खोडदला तो पहिला टप्पा ट्रान्झिस्टरचा आहे, आणि तो थाळीच्या तोंडाशीच बसवलेला आहे.

मग आमचे हौशी लोक नेमके ह्याच्या उलट, पहिल्याला व्हॉल्व्ह आणि शेवटाला ट्रान्झिस्टर का लावतात? ही केवळ उफराटी बुद्धी असती तर लेख येथेच संपला असता. पण घरातले काम वेगळे आहे. खोडदला सेकंदाला कोट्यवधी कंपने मोजायची असतात. आपल्याला वीस हजारांपलीकडची ऐकूच येत नाहीत. ह्या खालच्या प्रदेशात ईसीसी ८३ सारखा साधा जोड-व्हॉल्व्ह पाच मिलिव्होल्टचे काम पुरेशा शांततेने करतो. आणि शेवटच्या टप्प्याला घरात काही आकाशाला आवाज घालायचा नसतो. स्पीकरच्या पडद्याला ढकलायचे आणि आवरायचे असते. त्या कामात ट्रान्झिस्टर सरस. शिवाय ही वाटणी नवी नव्हे. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोटारगाड्यांत असेच रेडिओ बसत: पुढचे टप्पे व्हॉल्व्हचे, कारण तेव्हाच्या ट्रान्झिस्टरांना रेडिओची वेगवान कंपने नीट झेपत नसत; शेवटचा टप्पा ट्रान्झिस्टरचा, कारण गाडीच्या बारा व्होल्टवर स्पीकर हलवण्याचा जोर त्यालाच साधे. त्यांनी गोडव्यासाठी ती मांडणी केली नव्हती, गरजेसाठी केली होती. गरजेने जमलेल्या सोयरिकी पुष्कळदा टिकतात.

गोडवा, गोडवा म्हणतात तो काय? ह्याविषयी इतकी भोंगळ भाषा वापरली जाते की शाळेत असती तर मी निबंध परत केला असता. 'उबदार', 'मखमली', 'जिवंत'. ही विशेषणे शाल घेताना ठीक. खरी हकीकत अशी की कोणताही ॲम्प्लिफायर मूळ सुरात आपल्या पदरचे थोडे घालतोच. एकटा काम करणारा व्हॉल्व्ह जे घालतो त्यात मुख्यतः दुप्पट कंपनांचा सूर असतो. दुप्पट म्हणजे षड्जाला तार षड्ज. तो मुळात मिसळून जातो, आवाज जरा भरलेला वाटतो इतकेच. तिप्पट कंपने म्हणजे तार सप्तकातला पंचम. तोही परका नव्हे. पण त्याहून वरचे, पाचपट, सातपट, नऊपट असे सूर येऊ लागले की कानाला कचकच होते. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीत असतो तोवर ह्यांतले काहीच जाणवेल इतके घालत नाही; तो व्हॉल्व्हपेक्षा प्रामाणिक असतो. कुवतीबाहेर गेला की मात्र तो सुराचा माथा कुऱ्हाडीने तोडल्यासारखा सपाट करतो आणि ती कचकच एकदम बाहेर पडते. व्हॉल्व्ह दमतो तेव्हा हळूहळू वाकतो. ढोलकीची थाप क्षणभर कुवतीबाहेर जातेच. म्हणून तमाशात हा फरक ऐकू येतो, भावगीतात फारसा येत नाही.

येथे आणखी एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण ती विकणारे सांगत नाहीत. घरच्या बहुतेक व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरांत शेवटी दोन नळ्या समोरासमोर ढकलाढकली करतात. ईएल ८४ ची अशी जोडी दहापंधरा वॅट देते. ह्या मांडणीत दोघींचा दुप्पट कंपनांचा सूर एकमेकींना खोडून काढतो. म्हणजे ज्या गोडव्यासाठी मोठ्या नळ्या विकत घ्यायच्या तो गोडवा त्या मांडणीनेच बराचसा पुसून टाकलेला असतो. तो हवाच असेल तर पुढच्या टप्प्यातल्या एकट्या लहान नळीत मिळतो, आणि तिची किंमत मोठ्या जोडीच्या मानाने किरकोळ. आमच्या हौशी मंडळींची वाटणी शास्त्राला धरून आहे असे मला वाटते ते ह्यासाठी. त्यांनी ती शास्त्र वाचून केली असे मात्र मी म्हणत नाही.

'जुना आवाजच गोड' म्हणणाऱ्यांनी मात्र थोडे थांबावे. यात्रेत आपण वा आपल्या वडिलांनी जो आवाज ऐकला तो व्हॉल्व्हचा होता हे खरे. परंतु तो आधी मायक्रोफोनमधून आणि शेवटी झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून आलेला होता. असला कर्णा सेकंदाला साधारण तीनशे कंपनांखालचे फारसे काही बाहेर सोडत नाही. ढोलकीचा घुमारा त्यात गडप होई, पुरुषाच्या आवाजाचे बूड जाई. उलट शब्दांचे कंगोरे जेथे असतात तो मधला आणि वरचा पट्टा तो पुढे काढी. अर्थ असा की त्या जुन्या आवाजात घुमारा नव्हता पण शब्द होता. आज फडांबरोबर जनरेटर येतो, ट्रकभर स्पीकर येतात, ढोलकी छातीत धडकते, आणि शेजारच्याला विचारावे लागते की बाई काय म्हणाली. ह्याला ट्रान्झिस्टर जबाबदार नाही. खालच्या सुरांची चावी शेवटपर्यंत पिळणारा हात जबाबदार आहे. तक्रार यंत्राच्या जातीवर ढकलली की त्या हाताला कोणी बोलत नाही, आणि नेमके तेच होत आले आहे.

घरातली गोष्ट निराळी. घरात आपण बहुधा जुन्या कॅसेटी ऐकतो, किंवा त्यांच्यावरून मोबाइलमध्ये उतरवून घेतलेले. आमच्या बाजूला पुष्कळ घरांतून अशा कॅसेटी आहेत: कोणी यात्रेत मांडीवर टेपरेकॉर्डर धरून भरलेल्या, कोणी बाजारातून आणलेल्या. त्यांतले गाणारे आज बहुतेक नाहीत. त्यांचा शब्द जेवढा त्या फितीत राहिला आहे तेवढाच. म्हणून कोणत्या यंत्रातून तो जास्त निघतो हा प्रश्न मला हौसेपुरता वाटत नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या एका स्नेह्याच्या घरी आम्ही ह्याची परीक्षा घेतली. स्नेही विजेच्या मोटारी दुरुस्त करतात. हाताला विजेची ओळख आहे. त्यांच्याकडे संपूर्ण व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर, संपूर्ण ट्रान्झिस्टरचा एक, आणि व्हॉल्व्हचा पुढचा टप्पा स्वतंत्र पेटीत, इतके होते. ऐकायला त्यांच्या मातोश्री, फडातून निवृत्त झालेले एक ढोलकीवादक, शेजारची दोन कॉलेजातली मुले आणि मी. यंत्रांवर लुगडे टाकले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक मांडणीचा आवाज मीटर लावून सारखा केला. हे केल्याशिवाय केलेली तुलना बाजारातली समजावी. जे थोडे मोठ्याने वाजते ते नेहमीच चांगले वाटते, हे दुकानदारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

यात्रेत भरलेली एक कॅसेट तिन्ही मांडण्यांतून वाजवली. संपूर्ण व्हॉल्व्हची मांडणी सगळ्यांना गोड वाटली. मातोश्रींनी तर तिलाच पसंती दिली. पण ढोलकीवाल्या बुवांनी मान हलवली. "थाप पडली की उठत न्हाई, लोळतीया," असे ते म्हणाले. त्यांना कोणी ट्रान्सफॉर्मर समजावून सांगितला नव्हता. झाले होते ते असे, की थाप संपली तरी स्पीकरचा पडदा हलत राहतो आणि त्याला आवरायची ताकद व्हॉल्व्ह-ट्रान्सफॉर्मरच्या मांडणीत कमी असते. बैलगाडा घाटात पळवण्याइतकेच पुढे आवरणेही महत्त्वाचे, हे ह्या तालुक्यात सांगायला नको. संपूर्ण ट्रान्झिस्टरच्या मांडणीत थाप ताडकन उठली, शब्द स्वच्छ आला. मुले खूश झाली. तासाभराने मात्र झीलकऱ्यांचा चढा सूर कानाला टोचू लागला. आता हे टोचणे त्या कॅसेटमध्येच होते. यात्रेत भरताना टेपरेकॉर्डरने जी कचकच पकडली तीच ट्रान्झिस्टरने इमानाने पुढे केली. तिसऱ्या मांडणीत, पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर, थाप जवळजवळ तितकीच चोख राहिली, शब्द तितकाच स्वच्छ, आणि झील सोसवू लागली. फरक थोडा होता. तो डोंगराएवढा होता असे लिहिले तर बुवाच हसतील. पण रात्री दीड वाजेपर्यंत आम्ही ऐकत बसलो ते ह्याच मांडणीवर, ही साक्ष पुरेशी मानतो.

मग स्नेह्यांनी चौथी मांडणी लावली. तिचा त्यांना विशेष अभिमान होता, आणि तिच्याविषयी मला जरा सडेतोड लिहिले पाहिजे. स्पीकरच्या पेटीत खालच्या सुरांचा मोठा स्पीकर आणि वरच्या सुरांचा लहान स्पीकर असे दोन असतात. मोठ्याला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर जोडायचा आणि लहानाला व्हॉल्व्हचा. म्हणजे घुमाऱ्याला जोर, किणकिणीला गोडवा. कागदावर ह्याहून सुंदर वाटणी नाही. प्रत्यक्षात ही वाटणी होते सेकंदाला अडीचतीन हजार कंपनांच्या आसपास, आणि माणसाच्या बोलण्याचा बांध नेमका तेथे पडत नाही. स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, ह्यांचा मोठा भाग बांधाच्या खाली. स, श, च, ट ह्या व्यंजनांची धार बांधाच्या वर. एकाच बाईच्या एकाच शब्दातला 'आ' एका जातीच्या यंत्रातून आणि 'च' दुसऱ्या जातीच्या यंत्रातून येऊ लागतो. ढोलकीचेही तेच: डाव्या अंगाचा घुमारा एकाकडे, उजव्या अंगाच्या टणत्काराची धार दुसऱ्याकडे. बुवा म्हणाले, दोन ढोलक्या वाजताहेत. मला वाटले, दोन बाया गाताहेत.

ह्यात व्यवहाराच्याही अडचणी आहेत. दोन ॲम्प्लिफायर सारखेच पट वाढवीत नाहीत. एकाची चावी जुळवावी लागते. एखादा ॲम्प्लिफायर सूर उलटा करून देतो, आणि तसे झाले तर बांधापाशी दोघे एकमेकांना खोडतात. नेमका शब्दाचाच पट्टा बसका होतो. त्यात संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज उतरले की व्हॉल्व्हचा जोर आधी ओसरतो आणि वरचे सूर दमल्यासारखे होतात. स्वरांची वाटणी दोन्ही ॲम्प्लिफायरांच्या आधीच करणारे वेगळे यंत्र बसवले तर ह्यांतल्या काही अडचणी सुटतात, सगळ्या नाही. एक कादंबरी दोघांनी लिहावी, वर्णने एकाने आणि संवाद दुसऱ्याने, असे प्रयोग आमच्याकडेही झाले आहेत. वाचकाला शिवण दिसते.

तेव्हा सोयरीक जमते ती एकामागे एक बसवून. शेजारी शेजारी बसवून नव्हे. तरीही एकामागे एक बसवताना एक गोष्ट पाहावी लागते, आणि निम्म्या घरांत ती पाहिलेली नसते. व्हॉल्व्हच्या पेटीतून बाहेर पडताना संकेत एका कपॅसिटरमधून जातो. पुढचा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर जितक्या ओहमचा असेल त्यावर खालचे सूर किती पोचणार हे ठरते. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा आणि पुढचे यंत्र एक लाख ओहमचे असेल तर सोळा कंपनांपर्यंतचे सूर सुखाने जातात. तेच यंत्र दहा हजार ओहमचे असेल तर एकशेसाठच्या खालचे सूर उतरणीला लागतात. ढोलकीचा घुमारा दारातच अडतो. मग घरधनी 'व्हॉल्व्हमध्ये बास नाही' म्हणून मोकळा होतो. कपॅसिटर ०.४७ चा लावला तर हीच मर्यादा चौतीसवर येते. रुपयांच्या हिशेबात ही दुरुस्ती फराळातल्या एका चकलीच्या मोलाची.

आणखी दोनतीन गोष्टी घरच्या मंडळींसाठी. चालू करताना व्हॉल्व्हची पेटी आधी, ती तापून स्थिर झाली की ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट. नाही तर स्पीकरला दणका बसतो. शेवटचा टप्पा व्हॉल्व्हचा असेल तर तो स्पीकर न जोडता कधीही वाजवू नये, ट्रान्सफॉर्मर जळतो. ट्रान्झिस्टरचा असेल तर स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना चिकटू देऊ नयेत. आणि व्हॉल्व्हची पेटी बंद केली म्हणून उघडू नये. तीनशे व्होल्ट आतल्या कपॅसिटरांत दडून राहतात. हे काम जाणत्याचे. दिवाळीच्या सुटीत पोरांच्या हाती पेचकस देण्याचे नव्हे.

बाजारात अलीकडे लहानशा पेट्या मिळतात, वर एक काचेची नळी झळकते आणि तिच्या बुडाशी नारिंगी दिवा लावलेला असतो. नळीचा स्वतःचा उजेड फार मंद. हा उजेड निराळ्या दिव्याचा. अशा काही पेट्यांत नळीला इतके थोडे व्होल्ट दिलेले असतात की तिच्या हातून धड काम होत नाही, आणि सगळे वाढवणे शेजारची ट्रान्झिस्टरची चकती करते. नाटकात राजाच्या मागे भाला धरून उभा राहणारा असतो, तसा तो व्हॉल्व्ह. पेटी घ्यायला हरकत नाही; पण उजेडाचे पैसे वेगळे धरावेत.

व्होल्टेजच्या उतारावर आमच्या स्नेह्यांनी जो उपाय काढला तो मला सगळ्या परीक्षेतला सर्वांत आवडला. ईसीसी ८३ च्या पोटातल्या दोन तारा एकामागे एक जोडल्या की तिला तापायला १२.६ व्होल्ट लागतात. आणि गाडीची बॅटरी पूर्ण भरून निवांत झाली की जवळपास इतकेच व्होल्ट देते. त्यांनी इन्व्हर्टरची जुनी बॅटरी त्या कामी लावली. वीज उतरो वा जावो, नळीची ऊब तीच राहते, आणि विजेच्या तारेबरोबर येणारी गुणगुणही जाते. फक्त बॅटरी चार्जिंगला असताना हे करायचे नाही. तेव्हा व्होल्ट चौदाच्या घरात जातात आणि नळीचे आयुष्य घटते.

आयुष्याचा हिशेबही सांगून ठेवतो, कारण नव्या नळ्या आता बहुतेक चीन, रशिया आणि स्लोव्हाकिया ह्या देशांतूनच येतात आणि आमच्याकडे अजून कोणी जुने रेडिओ फोडून त्या काढतात. शेवटच्या टप्प्यातल्या मोठ्या नळ्या साधारण दोनतीन हजार तास चांगल्या चालतात. रोज दोन तास ऐकणाऱ्याच्या त्या तीनचार वर्षांत बदलायला येतात, आणि चार नळ्यांचा असा संच ऐकताना सतत शंभर वॅटच्या आसपास वीज खात असतो. पुढच्या टप्प्यातली लहान नळी नीट वागवली तर दहा हजार तासही जाते; तापायला तिला दोन वॅट पुरतात. त्याच रोजच्या दोन तासांनी तिची तेराचौदा वर्षे होतात. स्नेह्यांकडच्या नळीला पुढच्या पाडव्याला चौथे वर्ष लागेल. कॅसेटी मात्र पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आहेत, त्यांची फीत सुटू लागली आहे. आधी त्या उतरवून घेण्याचे काम ढोलकीवाले बुवा आणि ती दोन मुले ह्यांनी ह्या सुटीत हाती घेतले आहे.